अंदाजाबरोबर हिशेबही द्या

प्रति,
जागतिक अर्थव्यवस्थेचे आणि शेअर बाजाराचे वार्षिक अंदाज मांडणारे अर्थतज्ज्ञ व बाजारविश्लेषक यांस,



दरवर्षी डिसेंबर उजाडला की तुमचे अहवाल येऊ लागतात. पुढच्या वर्षी जगाचा विकासदर किती राहील, अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह व्याजदर कितीने उतरवेल, कच्चे तेल कुठवर जाईल, रुपया किती घसरेल आणि वर्षअखेरीस सेन्सेक्स कुठे असेल, याचे आकडे त्यांत असतात. चार-आठ दिवसांत ते वर्तमानपत्रांच्या अर्थपानांवर आणि वाहिन्यांच्या पडद्यांवर झळकतात. एके काळी हे सगळे वाचणारा वर्ग लहान होता. मार्च २०२० मध्ये देशातली डिमॅट खाती सुमारे चार कोटी होती. २०२५ मध्ये त्यांनी वीस कोटींचा टप्पा ओलांडला. डिसेंबर २०२४ या एका महिन्यात एसआयपीच्या मार्गाने म्युच्युअल फंडांत २६,४५९ कोटी रुपये आले. ही रक्कम प्रामुख्याने पगारदारांची, छोट्या दुकानदारांची आणि निवृत्तांची आहे. बँकेतली ठेव मोडून फंडात घालावी की नाही, मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे आणखी एक वर्ष बाजारात ठेवावेत की काढावेत, हे ठरवताना ही माणसे तुमचा आकडा समोर ठेवतात. म्हणून तुमच्याशी उघडपणे बोलण्याची गरज वाटली. अंदाज चुकला म्हणून तुम्हाला बोल लावण्यासाठी हे पत्र नाही. भविष्याविषयी बोलणारा प्रत्येक जण चुकणार, हे आम्हा वाचकांना ठाऊक आहे. माझे गाऱ्हाणे असे की, तुमच्या आकड्याची खात्री किती आणि याआधीचे तुमचे आकडे कितपत खरे ठरले, या दोन गोष्टी तुम्ही आम्हाला सांगत नाही. त्या कळल्याशिवाय तो आकडा वापरायचा कसा, हे आम्हाला कळू शकत नाही.

आधी आजवरचा इतिहास पाहू. एप्रिल २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जगाचा विकासदर २००७ आणि २००८ या दोन्ही वर्षी ४.९ टक्के राहील असे सांगितले होते आणि सहा महिन्यांपूर्वीच्या तुलनेत धोके कमी झाल्याचा निर्वाळाही दिला होता. त्याच वर्षी अमेरिकेतला गृहकर्जांचा डोलारा ढासळू लागला. त्याहून बोलके उदाहरण पुढच्या वर्षीचे आहे. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. संकट दारात नव्हे, घरात शिरलेले होते. तरी नाणेनिधीच्या ऑक्टोबर २००८ च्या अहवालात २००९ साठी जगाचा विकासदर ३ टक्के धरलेला होता. नोव्हेंबरात तो २.२ झाला, जानेवारीत ०.५, आणि एप्रिल २००९ मध्ये उणे १.३. सहा महिन्यांत सव्वाचार टक्क्यांहून अधिक फरक पडला. नाणेनिधीतलेच एक अर्थतज्ज्ञ प्रकाश लोंगानी यांनी २००१ मध्ये खासगी अंदाजकर्त्यांचे जुने आकडे तपासले होते. १९९० च्या दशकात जगभर आलेल्या साठ मंदींपैकी फक्त दोन मंदी वर्षभर आधी ओळखल्या गेल्या होत्या. म्हणजे अर्थव्यवस्था संथपणे चाललेली असताना तुमचे आकडे जवळपास जुळतात आणि वळण येते तेव्हा निसटतात. वाचकाला मात्र खरी गरज वळणाच्या वेळीच असते.

अलीकडची वर्षे याहून वेगळी नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये फेडरल रिझर्व्हच्या धोरणकर्त्यांचा मध्यम अंदाज असा होता की २०२२ च्या अखेरीस व्याजदर ०.९ टक्क्यांच्या आसपास असेल. तो प्रत्यक्षात ४.२५ ते ४.५० टक्के झाला. जे लोक स्वतः व्याजदर ठरवतात, त्यांनाच स्वतःच्या वर्षभरातल्या निर्णयांचा अंदाज आला नाही, ही गोष्ट आपल्या सगळ्यांना नम्र करणारी आहे. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्लूमबर्गच्या अर्थतज्ज्ञांच्या प्रारूपाने पुढच्या बारा महिन्यांत अमेरिकेत मंदी येण्याची शक्यता १०० टक्के दाखवली. ती मंदी आली नाही. २०२३ मध्ये अमेरिकी अर्थव्यवस्था अडीच टक्क्यांच्या वर वाढली आणि एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे २४ टक्के चढला. २०२५ मध्ये एप्रिलच्या आरंभी अमेरिकेने आयातशुल्काचा बडगा उगारल्यावर नाणेनिधीने त्या वर्षीचा जागतिक विकासदर ३.३ वरून २.८ वर आणला, जुलैत ३ केला आणि ऑक्टोबरात ३.२. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०२५-२६ साठी फेब्रुवारीत ६.७ टक्के सांगितले, एप्रिलमध्ये ६.५, ऑक्टोबरात ६.८ आणि डिसेंबरात ७.३. मधल्या काळात, ऑगस्टच्या अखेरीस, भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क ५० टक्क्यांवर गेले होते. शुल्क वाढले आणि विकासदराचा अंदाजही वाढला. नवी माहिती आल्यावर आकडा बदलणे हे प्रामाणिकपणाचेच काम आहे. पण मूळ आकडा सांगताना तो एवढा हलू शकतो हे ठळकपणे सांगितले गेले असते, तर वाचकाने त्यावर किती भार टाकायचा हे त्याला आधीच ठरवता आले असते.

पहिली तक्रार याच एकट्या आकड्याची आहे. आपल्याकडे हवामान खात्याच्या अंदाजाची थट्टा करण्याची जुनी सवय आहे. ते खाते एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा अंदाज कसा देते ते पाहा. २०२५ साठी त्यांनी सांगितले की पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या १०५ टक्के पडेल आणि प्रारूपाची चूक पाच टक्के इकडे किंवा तिकडे असू शकेल. त्याच्या जोडीला कमी, साधारण आणि जास्त पाऊस पडण्याची शक्यता प्रत्येकी किती, याचा तक्ताही दिला. प्रत्यक्षात १०८ टक्के पाऊस पडला, म्हणजे सांगितलेल्या पट्ट्यात. २००२ मध्ये याच खात्याने साधारण पावसाचा अंदाज दिला होता आणि १९ टक्के तूट आली, देशात दुष्काळ पडला. त्यानंतर खात्याने आपले जुने प्रारूप बाजूला ठेवले आणि २००३ पासून नवे वापरायला घेतले. चूक सर्वांसमोर झाली, दुरुस्तीही सर्वांसमोर झाली. पेरणीचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याला जी किमान माहिती सरकारी खाते देते, ती आयुष्यभराची बचत गुंतवणाऱ्या माणसाला तुम्ही का देऊ नये?

तुम्हाला हे जमत नाही असे म्हणता येणार नाही, कारण दुसरीकडे तुम्ही ते करताच. रिझर्व्ह बँक २००७ पासून व्यावसायिक अंदाजकर्त्यांची पाहणी घेते. त्या पाहणीत विकासदर आणि महागाई कोणत्या टप्प्यात पडण्याची शक्यता किती, हे तुमच्यापैकी अनेक जण टक्केवारीने भरून देतात. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालातही अंदाजाच्या रेषेभोवती पंख्यासारखे पसरत जाणारे पट्टे असतात. फेडरल रिझर्व्ह आपल्या अंदाजांसोबत पूर्वीच्या चुकांची सरासरी दाखवणारा तक्ता छापते. म्हणजे अनिश्चितता मोजली जाते, लिहिली जाते, मध्यवर्ती बँकेला सांगितलीही जाते. सामान्य वाचकापर्यंत येता येता ती गळून पडते आणि उरतो तो दशांश चिन्हासह एक आकडा. ६.७ आणि ६.५ यांतला फरक मथळ्याचा विषय होतो. प्रत्यक्षात घडून गेलेल्या वर्षाचा विकासदरसुद्धा इतका पक्का नसतो. २०२०-२१ या वर्षात भारतीय अर्थव्यवस्था ७.३ टक्के आकसली असे मे २०२१ मध्ये सांगितले गेले. जानेवारी २०२२ मध्ये तोच आकडा ६.६ झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ५.८. सरून गेलेले वर्ष मोजताना दीड टक्क्याची दुरुस्ती होते, तर न आलेल्या वर्षाबद्दल ०.२ टक्क्याच्या फरकावर मथळे कशासाठी?

दुसरी तक्रार हिशेबाची. डिसेंबरातल्या अहवालात पुढच्या वर्षाबद्दल चाळीस पाने असतात. मागच्या डिसेंबरात काय म्हटले होते आणि काय झाले, याला बहुधा एक पानही मिळत नाही. निर्देशांकाचे लक्ष्य मार्चमध्ये खाली येते, जूनमध्ये वर जाते, सप्टेंबरात पुन्हा सुधारले जाते आणि वर्षअखेरीस शेवटच्या सुधारित आकड्याशी तुलना करून अंदाज बरोबर आल्याचे सांगता येते. ज्याने पहिल्या आकड्यावर विसंबून जानेवारीत पैसे गुंतवले किंवा काढून घेतले, त्याला या सुधारणांचा उपयोग नसतो. हिशेब देण्याची पद्धत जगात नवी नाही. ब्रिटनमध्ये महागाई दोन टक्क्यांच्या उद्दिष्टापासून एक टक्क्याहून जास्त दूर गेली की बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांना अर्थमंत्र्यांना खुले पत्र लिहावे लागते. एप्रिल २००७ मध्ये असे पहिले पत्र गेले. ती पत्रे कोणीही वाचू शकतो. आपल्या रिझर्व्ह बँक कायद्यातही तरतूद आहे: महागाई सलग तीन तिमाही २ ते ६ टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर राहिली तर कारणे, उपाय आणि लागणारा काळ सरकारला लेखी कळवायचा. २०२२ मध्ये जानेवारी ते सप्टेंबर अशा तीन तिमाही महागाई सहा टक्क्यांवर राहिली. नोव्हेंबरात पतधोरण समितीची त्यासाठी खास बैठक झाली आणि पत्र सरकारकडे गेले. ते जनतेसमोर आले नाही. कायद्यात प्रसिद्धीची तरतूद नाही असे उत्तर संसदेत मिळाले. कायद्याचे शब्द पाळले गेले हे मान्य. पण ज्यांच्या खिशाला महागाईची झळ लागली, त्यांना कारणे कळली नाहीत. हे उदाहरण मी सरकारवर टीका करायला दिलेले नाही. हिशेब बंद पाकिटात ठेवण्याची सवय आपल्या एकूण अर्थचर्चेतच मुरली आहे आणि ती मोडण्याचे काम तुम्ही कायद्याची वाट न पाहता सुरू करू शकता, एवढेच मला दाखवायचे आहे.

तिसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. तुमच्या अहवालांत अर्थव्यवस्थेच्या अंदाजावरून बाजाराच्या अंदाजावर सरळ उडी घेतलेली असते. देश सात टक्क्यांनी वाढणार, म्हणून कंपन्यांचा नफा इतका वाढणार, म्हणून निर्देशांक इथे जाणार. ही साखळी वाचायला सुबक वाटते. तिची प्रत्येक कडी कच्ची आहे. २०२०-२१ हे स्वतंत्र भारताच्या अर्थव्यवस्थेचे सर्वांत वाईट वर्ष होते. त्याच वर्षात ३१ मार्च ते ३१ मार्च या काळात सेन्सेक्स २९,४६८ वरून ४९,५०९ वर गेला, म्हणजे ६८ टक्के वाढला. चीनकडे पाहा. शांघाय कंपोझिट निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये ६,१२४ वर पोचला होता. त्यानंतर चीनची अर्थव्यवस्था अनेक पटींनी मोठी झाली, आणि २०२५ उलटले तरी तो निर्देशांक त्या उंचीवर परतलेला नव्हता. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर होता. ती पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. चौतीस वर्षे म्हणजे एका माणसाची अख्खी नोकरी. शेअरची किंमत पुढच्या नफ्याच्या अपेक्षेवर, व्याजदरावर, आणि आज त्या अपेक्षेसाठी आपण किती मोजतो आहोत यावर ठरते. विकासदर चांगला राहूनही महाग घेतलेला शेअर तोट्यात नेऊ शकतो. ही गोष्ट तुम्ही सर्व जण जाणता. तरीही भारत जगातली सर्वांत वेगाने वाढणारी मोठी अर्थव्यवस्था आहे या वाक्यानंतर लगेच निर्देशांकाचे लक्ष्य छापले जाते आणि पहिल्यातून दुसरे आपोआप निघते असा वाचकाचा समज होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ८५,९७८ वर गेलेला सेन्सेक्स मार्च २०२५ च्या आरंभी ७३,००० च्या आसपास आला, तेव्हा देशाचा विकासदर कोसळलेला नव्हता. त्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच बाजारात आलेल्यांना हे कोणीतरी आधी समजावून सांगायला हवे होते.

चौथी गोष्ट थोडक्यात. एखाद्या विशिष्ट कंपनीचा शेअर घ्या असे लेखी सांगणाऱ्याला सेबीच्या २०१४ च्या संशोधन विश्लेषक नियमांखाली नोंदणी करावी लागते आणि स्वतःचे हितसंबंध जाहीर करावे लागतात. मात्र बाजाराच्या सर्वसाधारण कलावरचे भाष्य, व्यापक निर्देशांकांवरची चर्चा आणि आर्थिक वा बाजारपरिस्थितीवरची टिप्पणी त्या नियमांतल्या संशोधन अहवालाच्या व्याख्येतून वगळली आहे. त्यामागे कारण आहे. अर्थव्यवस्थेवर बोलायला परवाना लागू नये. परंतु ज्या संस्थेची मिळकत दलालीवर किंवा फंडातल्या जमा रकमेवर अवलंबून आहे, तिच्या तज्ज्ञाने बाजार वर जाईल असे म्हटले तर त्या मिळकतीचा उल्लेख त्याच पानावर यायला हवा. नियमाची सक्ती नसली तरी.

याला तुमच्याकडून येणारी उत्तरे मी ऐकली आहेत आणि त्यांत तथ्य आहे. पहिले उत्तर असे की महासाथ, युद्ध, एका रात्रीत लादलेले शुल्क यांचे भाकीत कोणीच करू शकत नाही. अगदी खरे. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळला, त्याचा दोष कोणत्याही अर्थतज्ज्ञावर टाकता येणार नाही. पण असे काहीतरी दर काही वर्षांनी घडते, हे तर भाकीत करण्यासारखे आहे. नेमके काय घडेल हे माहीत नसले तरी अंदाजाचा पट्टा रुंद ठेवण्याइतपत अनुभव आपल्या सगळ्यांच्या गाठीशी आहे. शिवाय सगळेच धक्के आकाशातून पडत नाहीत. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेत जॅक्सन होलला भरलेल्या मध्यवर्ती बँकांच्या परिषदेत अर्थतज्ज्ञ रघुराम राजन यांनी वित्तव्यवस्थेतली जोखीम वाढते आहे, असे कारणांसह सांगितले होते. तिथे त्यांच्यावर टीकाच अधिक झाली. नाणेनिधीच्या स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयाने २०११ मध्ये आपल्याच संस्थेची झडती घेतली, तेव्हा सर्वांनी एकाच साच्यात विचार करणे हे अपयशाचे एक प्रमुख कारण म्हणून नोंदवले. इतरांबरोबर चुकलेल्या तज्ज्ञाची नोकरी टिकते, एकट्याने चुकलेल्याची जाते. म्हणूनच तुमचे आकडे एकमेकांच्या जवळ घोटाळत राहतात, आणि वाचक त्या जवळिकीला खात्री समजतो.

दुसरे उत्तर असे की लोकांना एकच आकडा हवा असतो, पट्टा दिला तर ते गोंधळतात. हा वाचकांवर अन्याय आहे. ज्या लोकांना पावसाचा अंदाज टक्केवारीत समजतो, त्यांना निर्देशांकाचाही समजेल. पट्टे आणि पंखे पुरेसे नाहीत हा आक्षेप मात्र मी मानतो. बँक ऑफ इंग्लंडच्या अंदाजपद्धतीचे परीक्षण करून फेडरल रिझर्व्हचे माजी अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात पंख्याच्या आकृत्या बंद कराव्यात असे म्हटले, कारण त्यांतून वाचकाला फारसे काही उमगत नाही. त्याऐवजी पर्यायी परिस्थितींचे चित्र मांडा आणि आधीच्या चुकांचे नियमित परीक्षण करा, असे त्यांनी सुचवले. ते तुम्हीही करू शकता. तेल शंभर डॉलरवर गेले तर काय, अमेरिकी शुल्क टिकले तर काय, परदेशी गुंतवणूकदारांनी सहा महिने विक्री चालू ठेवली तर काय, अशा तीन-चार वाटा साध्या मराठीत लिहिल्या, तर सोलापूरच्या टॉवेल कारखानदारालाही त्यातून आपल्या ऑर्डरींचा विचार करता येईल आणि पेन्शनवर जगणाऱ्या शिक्षिकेलाही आपल्या ठेवींचा. तिसरे उत्तर असे की अनिश्चितता अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत दिलेलीच असते. ती अक्षरे कायदेशीर बचावासाठी असतात. सावधगिरीचा इशारा आकड्याच्या शेजारी, आकड्याएवढ्याच अक्षरांत हवा.

म्हणून माझ्या विनंत्या अशा आहेत. वर्षाच्या आरंभी सांगितलेला आकडा वर्षभर बदला, पण मूळ आकडा पुसू नका; तुलना त्याच्याशीच करा. प्रत्येक आकड्यासोबत तो किती खाली-वर जाऊ शकतो आणि गेल्या दहा वर्षांत तुमच्या अशा आकड्यांची सरासरी चूक किती होती, हे द्या. विकासदराचे प्रकरण आणि बाजाराचे प्रकरण वेगळे ठेवा, आणि एकातून दुसऱ्यात जाताना कोणती गृहीतके धरलीत ते लिहा. तुमच्या संस्थेला कशातून पैसा मिळतो ते पहिल्या पानावर सांगा. आणि अंदाज ज्यावर उभा आहे ती गोष्ट कोणती, ती चुकली तर तुम्ही मत बदलाल ती खूण कोणती, हे आधीच जाहीर करा. यातल्या कशालाही सेबीची परवानगी, नवा कायदा किंवा मोठा खर्च लागत नाही. असे करणाऱ्याचे आकडे सुरुवातीला दुबळे दिसतील, कारण शेजारचा तज्ज्ञ ठामपणे बोलत असेल. दोन-तीन वर्षांत वाचक कोणाकडे वळतात ते पाहा.

अर्थपानांच्या संपादकांनाही याच पत्रातून एक मागणे आहे. नव्या वर्षाचे अंदाज छापाल त्याच दिवशी, त्याच पानावर, त्याच तज्ज्ञांचे गेल्या वर्षीचे अंदाज आणि प्रत्यक्षात काय झाले ते शेजारी शेजारी छापा. चार रकान्यांचा एक तक्ता पुरेल.

येत्या डिसेंबरात तुमचा अहवाल हाती येईल, तेव्हा आम्ही वाचक पुढच्या वर्षाचे लक्ष्य पाहण्याआधी त्यातही असाच तक्ता शोधणार आहोत. तो कृपया द्यावा.

कळावे,
आपला विश्वासू,
अर्थपानाचा एक वाचक